अमेरिकेतली इमिग्रेशनची घोषणा कायद्यासाठी की मतांसाठी, हे कसं तपासायचं

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की इमिग्रेशनवर दोन्ही पक्षांचं बोलणं वाढतं आणि काम थंडावतं. त्या बोलण्याचे पडसाद थेट पुण्या-नाशिकच्या घरांत उमटतात. एच-१बी (कुशल नोकरीचा व्हिसा) बंद होणार, सुनेचं वर्क परमिट जाणार, ग्रीन कार्डाची रांग संपणार, नवी योजना येणार. यातलं फार थोडं प्रत्यक्षात येतं. पण जे येतं ते कधीकधी दीड दिवसात लागू होतं. त्यामुळे सगळ्याच बातम्या निवडणुकीचा धुरळा म्हणून सोडून दिल्या तर फटका बसतो, आणि प्रत्येक बातमीवर तिकिटं बदलली तरी फटका बसतो.

पुढे दिलेली पद्धत कोणत्याही पक्षाच्या घोषणेला लागू पडते. नजर ३ नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकीवर (अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मधोमध होणारी संसदेची निवडणूक) असली तरी उदाहरणं जुनीही घेतली आहेत, कारण त्यांचे निकाल आपल्याला माहीत आहेत.

आधी कागद ओळखा

बातमी कितीही मोठी असो, पहिला प्रश्न एकच. यामागे कोणता कागद आहे? अमेरिकेत इमिग्रेशन बदलण्याचे चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाची ताकद वेगळी आहे.

पहिला मार्ग कायद्याचा. एच-१बीचा वार्षिक कोटा (६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००), नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वर्षाची १,४०,००० ही संख्या आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. हे आकडे बदलायचे तर हाउस आणि सिनेट या संसदेच्या (काँग्रेसच्या) दोन्ही सभागृहांनी एकाच मजकुराचं विधेयक मंजूर करावं लागतं आणि अध्यक्षांची सही लागते. एखादा उमेदवार भाषणात ‘मी ग्रीन कार्डं वाढवीन’ म्हणाला, तर एवढं लक्षात ठेवा की अध्यक्ष झाला तरी त्याच्या एकट्याच्या हातात ते नाही.

दुसरा मार्ग नियमांचा. कायद्याच्या चौकटीत राहून होमलँड सिक्युरिटी किंवा कामगार खातं नियम करतं. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बीवाल्याच्या, जोडीदाराला काम करण्याची परवानगी अशा नियमातून मिळाली आहे. नियम करायला महिने लागतात आणि मोडायलाही तितकेच.

तिसरा मार्ग अध्यक्षांच्या सहीचा, म्हणजे कार्यकारी आदेश किंवा प्रोक्लमेशन (अध्यक्षांची अधिकृत उद्घोषणा). १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१२(फ) अध्यक्षांना परदेशी नागरिकांचा प्रवेश रोखण्याचा मोठा अधिकार देतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘ट्रम्प विरुद्ध हवाई’ खटल्यात तो ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरला. ‘प्रवेश रोखणं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आधीच आत असलेल्यांवर या कलमाची पकड कमी आहे.

चौथा मार्ग म्हणजे खात्याचं परिपत्रक किंवा पॉलिसी मॅन्युअलमधला बदल. याच्यावर भाषण होत नाही, टीव्हीवर चर्चा होत नाही, आणि अनेकदा घराला सर्वांत जास्त हाच लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये यूएससीआयएसने (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारं खातं) मुलांचं वय मोजताना व्हिसा बुलेटिनमधला (ग्रीन कार्डाच्या रांगेच्या तारखा सांगणारं मासिक पत्रक) कोणता तक्ता धरायचा ते बदललं. १५ ऑगस्टपासून ‘डेट्स फॉर फायलिंग’ (अर्ज भरण्याच्या तारखा) ऐवजी ‘फायनल अ‍ॅक्शन डेट्स’चा (प्रत्यक्ष ग्रीन कार्ड मिळण्याच्या, सहसा मागे असलेल्या तारखांचा) तक्ता धरला जाऊ लागला. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांच्या दृष्टीने हा बदल कित्येक गाजलेल्या विधेयकांपेक्षा मोठा होता, कारण एकविसावं ओलांडलेलं मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं.

या चारांपैकी कोणताच कागद सापडला नाही, तर ते भाषण आहे. ते ऐका आणि पुढच्या कामाला लागा.

विधेयक असेल तर

काँग्रेस डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर जा. बातमीत विधेयकाचा क्रमांक शोधा. हाउसचं असेल तर ‘एच.आर.’, सिनेटचं असेल तर ‘एस.’ ने सुरू होतो. बातमीत क्रमांक नसेल तर बातमीवर तितकाच भरवसा ठेवा. पान उघडलं की पुढच्या गोष्टी या क्रमाने बघा.

वरच्या बाजूला प्रगतीची पट्टी असते. मांडलं, हाउसमध्ये मंजूर, सिनेटमध्ये मंजूर, अध्यक्षांकडे, कायदा झाला. बहुतेक विधेयकं पहिल्याच टप्प्यावर थांबलेली असतात. ‘मांडलं’ याचा अर्थ एका सदस्याने कागद टेबलावर ठेवला, एवढाच.

मग ‘अ‍ॅक्शन्स’ उघडा. शेवटची नोंद ‘समितीकडे पाठवलं’ अशी असेल आणि तिला तीन-चार महिने झाले असतील, तर विधेयक झोपलं आहे. समितीने त्यावर कलमवार चर्चा करून मतदान घेतलं असेल, तर हालचाल आहे.

नंतर सहपुरस्कर्ते. आकड्यापेक्षा पक्ष बघा. एकाच पक्षाचे ऐंशी सह्या करणारे असले, तर ते त्या पक्षाचं प्रचारपत्रक आहे. दोन्ही पक्षांचे असतील, आणि त्यात ज्युडिशियरी समितीचा अध्यक्ष किंवा ज्येष्ठ सदस्य असेल, तर गांभीर्य आहे.

शेवटी सिनेटचं गणित. सिनेटमध्ये १०० सदस्य आहेत, आणि फिलिबस्टर (चर्चा लांबवून मतदान अडवण्याची युक्ती) मोडून विधेयक मतदानापर्यंत न्यायला ६० मतं लागतात. गेल्या अनेक वर्षांत कोणत्याही एका पक्षाकडे ६० नव्हते. म्हणून विरोधी पक्षाचे सहा-सात ते दहा-बारा सिनेटर कोण, त्यांची नावं बातमीत नसतील तर विधेयकाला पाय नाहीत.

‘रिकन्सिलिएशन’ नावाची एक पळवाट आहे, तिच्यात ५१ मतांवर भागतं. पण ती फक्त पैशांच्या तरतुदींसाठी. २०२१ मध्ये डेमोक्रॅट्सनी तिच्यातून कागदपत्रं नसलेल्यांना कायदेशीर दर्जा देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सिनेटच्या संसदीय नियमांच्या सल्लागार एलिझाबेथ मॅकडोनो यांनी तीन वेळा नकार दिला. उलट जुलै २०२५ मध्ये रिपब्लिकनांनी त्याच वाटेने सीमा आणि इमिग्रेशन अंमलबजावणीसाठी सुमारे १७० अब्ज डॉलर मंजूर करून घेतले. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० झाल्यावर उपाध्यक्षांचं मत पडलं. यातून एक ठोकताळा निघतो. धरपकड, तुरुंग, भिंत, अधिकारी यांचा खर्च साध्या बहुमतावर वाढू शकतो, पण व्हिसाचा कोटा किंवा ग्रीन कार्डाची मर्यादा साध्या बहुमतावर हलत नाही. कडक करण्याची आश्वासनं पूर्ण होण्याची शक्यता म्हणूनच सैल करण्याच्या आश्वासनांपेक्षा जास्त असते.

सात टक्क्यांची मर्यादा: एकाच विधेयकाचा प्रवास

भारतीय कुटुंबांना सर्वांत जास्त आशा लावणारं आणि सर्वांत जास्त वेळा बुडालेलं विधेयक म्हणजे देशनिहाय मर्यादा उठवण्याचं. ते बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण यात कुणी खोटं बोललं असं कुठेच दाखवता येत नाही, तरीही हाती काही लागलं नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये हाउसने एच.आर. ३०१२ हे विधेयक ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते मतदानापर्यंत गेलंच नाही. जुलै २०१९ मध्ये एच.आर. १०४४ आलं. ३११ सहपुरस्कर्ते, ३६५ विरुद्ध ६५ मतं. इकडे वर्तमानपत्रांनी ‘भारतीयांची प्रतीक्षा संपणार’ असे मथळे दिले. सिनेटमध्ये स्वतंत्र विधेयक एस. ३८६ होतं. वेगवेगळ्या सिनेटरांच्या हरकती मिटवत मिटवत ते २ डिसेंबर २०२० रोजी विरोधाशिवाय मंजूर झालं. पण त्या हरकती मिटवताना मजकूर बदलला होता. हाउसचा मजकूर वेगळा, सिनेटचा वेगळा. दोन्ही जुळवायला उरला होता एक महिना, तोही निवडणुकीनंतरचा. ३ जानेवारी २०२१ ला ती काँग्रेस संपली आणि दोन्ही विधेयकं संपली. डिसेंबर २०२२ मध्ये ‘ईगल’ नावाने तेच पुन्हा हाउसपुढे येणार होतं. मतं पुरत नाहीत असं दिसल्यावर ते मागे घेतलं गेलं.

यातून तपासण्याच्या तीन गोष्टी मिळतात. एका सभागृहातलं प्रचंड बहुमत हे यशाचं लक्षण नाही. दुसरीकडे अडणार हे माहीत असलं की ‘हो’ म्हणायला काहीच पडत नाही, उलट मतदारसंघातल्या भारतीय देणगीदारांना दाखवायला मत तयार राहतं. दुसरी, मजकूर एकच आहे का हे बघा. काँग्रेस डॉट गव्हवर ‘टेक्स्ट’ या खणात प्रत्येक आवृत्ती वेगळी दिसते. तिसरी, तारीख बघा. प्रत्येक काँग्रेस दोन वर्षांची असते आणि विषम वर्षाच्या ३ जानेवारीला संपते. नोव्हेंबरनंतर हललेल्या विधेयकाकडे जेमतेम सात-आठ आठवडे असतात.

मतदान झालं, पण कशासाठी?

काही मतदानं कायदा करण्यासाठी नसतातच. विरोधकाला ‘नाही’ म्हणायला लावायचं आणि ते ‘नाही’ प्रचारात वापरायचं, एवढ्यासाठी ती घेतली जातात. २०२४ चं सीमा विधेयक हे त्याचं ताजं आणि स्वच्छ उदाहरण आहे. जेम्स लँकफर्ड (रिपब्लिकन), ख्रिस मर्फी (डेमोक्रॅट) आणि कर्स्टन सिनेमा (अपक्ष) यांनी काही महिने खपून मजकूर तयार केला. ४ फेब्रुवारीला तो जाहीर झाला, डोनाल्ड ट्रम्प यांनी विरोध केला आणि ७ फेब्रुवारीला तो ४९ विरुद्ध ५० असा अडला. वर्षभर सीमेवर कडक कायदा मागणाऱ्या पक्षाच्या बहुतेक सिनेटरांनी विरोधात मत दिलं, कारण प्रश्न जिवंत राहणं निवडणुकीसाठी जास्त उपयोगाचं होतं.

मग २३ मे रोजी डेमोक्रॅट्सनी तोच मजकूर पुन्हा मतदानाला आणला. पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ४३ विरुद्ध ५० ने पडला. या वेळी लँकफर्ड आणि सिनेमा, म्हणजे ज्यांनी विधेयक घडवलं त्यांनीच, विरोधात मत दिलं. दोन आठवड्यांच्या आत, ४ जून रोजी, बायडन यांनी आपल्या सहीने आश्रयाचे अर्ज रोखणारी प्रोक्लमेशन काढली. एकाच वर्षात दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने एकच विधेयक वापरलं.

दिखाऊ मतदान ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. आधी एकदा पडलेला मजकूर एका अक्षराचा बदल न करता परत येतो. विरोधी पक्षाशी बोलणी चालू असल्याची एकही बातमी नसते. मतदानाच्या आधीच पक्षाच्या प्रचाराच्या जाहिराती तयार दिसतात. आणि विधेयकाचे कर्ते त्याच्याबद्दल बोलत नाहीत, पक्षाचे नेते बोलतात.

उलटही घडतं. मतदान घेतल्यास विधेयक मंजूर होईल, म्हणूनच ते घेतलं जात नाही. जून २०१३ मध्ये सिनेटने एस. ७४४ हा सर्वंकष सुधारणेचा मसुदा ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर केला. हाउसचे सभापती जॉन बेनर यांनी तो मांडूच दिला नाही, कारण स्वतःच्या पक्षातलं बहुमत विरोधात होतं. सभापतीला टाळून विधेयक पटलावर आणायला ‘डिस्चार्ज पिटिशन’वर २१८ सह्या लागतात. कुणी पिटिशन सुरू केली अशी बातमी आली तर सह्यांचा आकडा बघा, आणि त्यात सत्ताधारी पक्षाच्या किती, ते बघा.

मतदारसंघ वाचायला शिका

हाउसच्या ४३५ जागांपैकी बहुसंख्य जागा एका पक्षासाठी सुरक्षित असतात. तिथल्या सदस्याला नोव्हेंबरची भीती नसते, भीती असते ती पक्षांतर्गत प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाची. जून २०१४ मध्ये व्हर्जिनियात हाउसचे बहुमत नेते एरिक कँटर अनोळखी प्राध्यापक डेव्ह ब्रॅटकडून प्रायमरीत हरले. ब्रॅटने प्रचारात इमिग्रेशनचा मुद्दा तापवला होता. त्यानंतर २०१३ च्या सुधारणेला हाउसमध्ये कुणी हात लावला नाही.

म्हणून एखादा नेता अचानक कडक किंवा अचानक मवाळ बोलायला लागला, तर तीन नोंदी काढा. त्याची प्रायमरी कधी आहे? मागच्या वेळी तो किती टक्क्यांच्या फरकाने जिंकला? त्याची जागा ‘टॉस-अप’ (कुणीही जिंकू शकेल अशी) मानली जाते का? प्रायमरी व्हायची आहे आणि जागा सुरक्षित आहे, तर कडक बोलणं पक्षाच्या मतदारांसाठी आहे. प्रायमरी झाली आहे आणि जागा अटीतटीची आहे, तर सूर मवाळ होतो. राज्यांच्या प्रायमऱ्या मार्चपासून सप्टेंबरपर्यंत वेगवेगळ्या दिवशी होतात, त्यामुळे एकाच पक्षाचे दोन नेते एकाच महिन्यात उलटसुलट बोलताना दिसतात. त्यात विसंगती शोधत बसू नका, दोघांच्या तारखा बघा.

जनमत चाचण्या वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. लोकांचं मत काय आहे, आणि त्या मुद्द्यावर ते मत देणार आहेत का. गॅलपच्या चाचणीत २०२४ मध्ये ५५ टक्के लोकांना इमिग्रेशन कमी व्हावं असं वाटत होतं. २०२५ मध्ये तो आकडा ३० टक्क्यांवर आला. एवढी मोठी उलथापालथ झाली तरी सरकारचं धोरण त्या मापात सैल झालं नाही. कारण पक्षाला आपले पक्के मतदार काय म्हणतात याचीच जास्त चिंता असते. देशभराची सरासरी बघून ‘आता वारं फिरलं, नियम सुटतील’ असा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक आहे.

तारखांचा खेळ दोन्ही बाजूंनी होतो. लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना संरक्षण देणारी डाका योजना ओबामांनी १५ जून २०१२ ला, निवडणुकीच्या पाच महिने आधी जाहीर केली. २०१४ मध्ये मात्र पुढचं पाऊल सप्टेंबरात पुढे ढकललं, कारण आर्कान्सा, लुईझियाना, नॉर्थ कॅरोलायना, अलास्का इथले त्यांच्याच पक्षाचे सिनेटर धोक्यात होते. ते चौघेही हरले. ही दुसरी योजना २० नोव्हेंबरला जाहीर झाली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने ती थांबवली.

पण ‘निवडणुकीच्या वर्षात काहीच होत नाही’ हेही खरं नाही. १९८६ चा मोठा कायदा मध्यावधी निवडणुकीच्या महिन्यात, ६ नोव्हेंबरला रीगन यांच्या सहीने झाला. आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झालेल्यांना सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवून देणारा कायदा, ज्याच्या आधारावर आज असंख्य मराठी घरं अमेरिकेत टिकून आहेत, तो १७ ऑक्टोबर २००० ला, मतदानाच्या तीन आठवडे आधी झाला. सिनेटमध्ये ९६ विरुद्ध १ मतं होती. तेव्हा कंपन्यांना माणसं हवी होती, दोन्ही पक्षांना कंपन्यांच्या देणग्या हव्या होत्या, आणि विधेयक एकाच छोट्या प्रश्नापुरतं होतं. सर्वंकष सुधारणा बुडते, अरुंद विधेयक कधीकधी तरून जातं.

नियम असेल तर

नियमाचा प्रवास ठरलेला आहे. आधी वर्षातून दोनदा निघणाऱ्या सरकारी विषयपत्रिकेत, ‘युनिफाइड अजेंडा’त, त्याचं नाव येतं. मग तो व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयात तपासणीला जातो. तिथून फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात प्रस्तावित नियम म्हणून छापला जातो, लोकांना अभिप्रायासाठी ३० किंवा ६० दिवस मिळतात, पुन्हा तपासणी होते, अंतिम नियम छापला जातो, आणि त्यानंतर तो सहसा ३० ते ६० दिवसांनी लागू होतो. प्रत्येक नियमाला आरआयएन क्रमांक असतो. यूएससीआयएसचे क्रमांक १६१५ ने सुरू होतात. तो क्रमांक रेगइन्फो डॉट गव्हवर टाकला की नियम नक्की कुठल्या पायरीवर आहे ते कळतं.

एच-४ ची कामाची परवानगी रद्द करण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०१७ मध्ये विषयपत्रिकेत आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तपासणीला गेला. फेडरल रजिस्टरमध्ये प्रस्ताव म्हणून तो कधी छापलाच गेला नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला. या तीन वर्षांत कित्येक जणींनी घाबरून नोकऱ्या बदलल्या, घरं विकत घेण्याचं लांबवलं. पहिल्या पायरीवरच्या नियमासाठी एवढं करण्याची गरज नव्हती.

याच्या उलट, एच-१बीची सोडत पगाराच्या पातळीनुसार करण्याचा नियम सप्टेंबर २०२५ मध्ये प्रस्तावित झाला, त्याला ३० दिवसांचीच मुदत होती, डिसेंबरात अंतिम झाला आणि मार्च २०२६ च्या नोंदणीआधी, २७ फेब्रुवारीला लागू झाला. सरकारची खरी इच्छा असली की नियम पाच महिन्यांत होतो. अभिप्रायाची मुदत ६० ऐवजी ३० दिवस दिसली, आणि पुढच्या मोसमाआधी वेळ पुरेल अशी तारीख असली, तर गंभीरपणे घ्या.

सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे ‘इंटरिम फायनल रूल’. यात आधी अभिप्राय मागवत नाहीत, नियम लगेच लागू होतो. ३० ऑक्टोबर २०२५ ला अशाच नियमाने वर्क परमिटची आपोआप मिळणारी ५४० दिवसांची मुदतवाढ बंद झाली. एच-४ चं परमिट रद्द होण्याची भीती वर्षानुवर्षं बाळगणाऱ्या घरांना हा बदल सर्वांत जास्त लागला. परमिटचा हक्क शाबूत, पण नूतनीकरण वेळेत हातात आलं नाही तर नोकरी थांबते. उपाय एकच, मुदत संपण्याच्या १८० दिवस आधी, म्हणजे अर्ज स्वीकारला जाऊ लागतो त्याच आठवड्यात, नूतनीकरणाचा अर्ज टाका.

घाईचे नियम न्यायालयात पडूही शकतात. ऑक्टोबर २०२० मध्ये, मतदानाला चार आठवडे असताना, कामगार खात्याने एच-१बीचे किमान पगार एकदम वाढवणारा असाच नियम लागू केला. १ डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने तो रद्द केला. लोकांचं म्हणणं न ऐकण्याइतकी तातडी सरकारला दाखवता आली नव्हती.

अध्यक्षांची सही असेल तर

१९ सप्टेंबर २०२५ चा शुक्रवार नीट अभ्यासा. एच-१बीच्या अर्जावर १,००,००० डॉलर भरण्याची प्रोक्लमेशन निघाली. वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक ही रक्कम दरवर्षी लागेल असं बोलले. कंपन्यांनी परदेशात गेलेल्या कर्मचाऱ्यांना चोवीस तासांत परत या असे ईमेल पाठवले. रविवारी, २१ सप्टेंबरला पूर्व अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री १२ वाजून १ मिनिटाने ती लागू होणार होती, म्हणजे भारतात सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं. सुट्टीवर आलेले लोक विमानतळाकडे धावले, तिकिटं मिळतील त्या भावाने घेतली. शनिवारी व्हाइट हाउसने स्पष्ट केलं की रक्कम एकदाच आहे आणि फक्त नव्या अर्जांना आहे. यूएससीआयएसचं परिपत्रकही त्याच दिवशी आलं. आधीचा व्हिसा असलेल्यांना ती लागूच नव्हती. २० ऑक्टोबरच्या सूचनेत, अमेरिकेत राहूनच स्टुडंट व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांनाही ती लागू नाही, हे आलं.

पुढच्या वेळी असं झालं तर हा क्रम पाळा. मंत्र्याचं बोलणं बाजूला ठेवा, व्हाइट हाउसच्या पानावरचा मूळ मजकूर उघडा. त्यात पाच गोष्टी शोधा: कुणाला लागू, ‘प्रवेश’ रोखला आहे की ‘दर्जा’ बदलला आहे, अपवाद कोणते, कोणत्या तारखेनंतरच्या अर्जांना, आणि मुदत कधी संपते. लागू होण्याची वेळ भारतीय वेळेत काढा. पूर्व अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना साडेनऊ तास आणि थंडीत साडेदहा तास मिळवायचे. मग कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एका ओळीचा प्रश्न पाठवा: माझी पिटिशन (कंपनीने केलेला एच-१बीचा अर्ज) अमुक तारखेची, व्हिसाचा शिक्का अमुक तारखेपर्यंत, मी आत्ता भारतात आहे, मला हे लागू आहे का? माणूस अमेरिकेत असेल तर उत्तर येईपर्यंत बाहेर पडू नये. भारतात असेल आणि शिक्का चालू असेल, तर पैसे परत मिळणारं तिकीट राखून ठेवायला हरकत नाही.

संपण्याची तारीख विसरू नका. २२ जून २०२० ची प्रोक्लमेशन वर्षअखेरपर्यंत होती, एकदा वाढवली गेली, ३१ मार्च २०२१ ला संपली आणि पुढे वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२५ ची बारा महिन्यांची होती. मुदतवाढीचा निर्णय मतदानाच्या सहा आठवडे आधी येत असेल, तर त्यात निवडणुकीचा हिशोब असणारच.

न्यायालयाच्या बातमीत एवढं बघा: स्थगिती कुणापुरती आहे? जून २०२५ च्या ‘ट्रम्प विरुद्ध कासा’ निकालानंतर एका जिल्हा न्यायाधीशाची स्थगिती आपोआप देशभर लागू होत नाही. ती फक्त खटल्यातल्या पक्षकारांपुरती आहे की क्लास अ‍ॅक्शनमुळे (समूहाच्या वतीने केलेल्या दाव्यामुळे) सगळ्यांना आहे, हे ‘न्यायालयाने रोखलं’ या मथळ्यात कळत नाही.

घरात ठेवायची वही

प्रत्येक मोठ्या बातमीसाठी एक ओळ: तारीख, कागदाचा प्रकार, क्रमांक, आजची पायरी, लागू होण्याची तारीख, आपल्या घरात कुणाला. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर बातमी पुढे पाठवू नका. ‘लागू होण्याची तारीख’ रिकामी असेल तर पैसे खर्च करू नका.

कुणी एजंट नव्या योजनेत नाव नोंदवायचे पैसे मागत असेल, तर अर्जाचा फॉर्म क्रमांक विचारा आणि तो यूएससीआयएसच्या पानावर आहे का ते स्वतः बघा. मांडलेल्या विधेयकाखाली अर्ज करता येत नाही. फॉर्म नसेल तर योजना नाही.

राजकारण काहीही असलं तरी काही कागद तयार हवेत. आय-७९७ च्या (अर्ज मंजुरीच्या सूचना) सगळ्या प्रती, शेवटच्या प्रवेशाचा आय-९४, सहा महिन्यांच्या पगारपावत्या, मंजूर आय-१४० ची प्रत आणि त्यावरची प्रायॉरिटी डेट (रांगेतली आपली तारीख). ती प्रत कंपनीकडून नोकरी सोडण्यापूर्वी मागून घ्या, नंतर मिळेलच असं नाही. दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये भारताच्या रकान्यातली तारीख लिहून ठेवा. मूल सतरा वर्षांचं झालं की त्याचं एकविसावं कधी पूर्ण होतं आणि पर्याय काय, हे वकिलाकडून लेखी घ्या.

२०२६ साठी वहीच्या पहिल्या पानावर या तारखा हव्यात. १ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं, ग्रीन कार्डांचा नवा कोटा उघडतो आणि सरकारी खर्चाची मुदत संपत असल्यामुळे त्या सुमारास इमिग्रेशनच्या अटी पुढे रेटल्या जातात. ३ नोव्हेंबरला मतदान. त्यानंतरचे आठवडे पडलेल्या आणि निवृत्त होणाऱ्या सदस्यांचं शेवटचं सत्र, यात अरुंद विधेयकं अर्थसंकल्पाला किंवा संरक्षणखर्चाच्या विधेयकाला चिकटवली जातात, तेव्हा त्या मोठ्या विधेयकांचा मजकूर तपासा. ३ जानेवारी २०२७ ला दुपारी नवी काँग्रेस सुरू होईल आणि आजची सगळी अपुरी राहिलेली विधेयकं रद्द होतील. तीच पुन्हा आली तरी नव्या क्रमांकाने येतील, म्हणून त्या दिवशी वहीतले जुने ‘एच.आर.’ आणि ‘एस.’ खोडून टाका.